खोटी ठरलेली सुईण

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की ती सांगणाऱ्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत. इस्राएलच्या डोंगराळ मुलखात तेव्हा राजे होते, पंच होते, याजक होते. पण लोक वाट चुकले की त्यांना खडे बोल सुनवायचं काम परमेश्वर भलत्याच माणसावर सोपवायचा. कधी एखाद्या गुराख्यावर, कधी अंजिराच्या बागेत राबणाऱ्या गड्यावर. अशा माणसाला ते लोक संदेष्टा म्हणत. संदेष्टा वेशीत दिसला की भलेभले तोंड लपवायचे, कारण तो गोड बातमी घेऊन आलाय असं क्वचितच घडे.

त्या मुलखात एका डोंगरमाथ्यावर एक गाव वसलं होतं. तीन बाजूंना तुटलेला कडा आणि चौथ्या बाजूला भक्कम दगडी वेस. वेशीच्या सावलीत रोज सकाळी पंच बसत आणि गावाचे तंटे सोडवत. त्यांतला मुख्य पंच मोठा वजनदार माणूस. दाढी विंचरलेली, बोलणं मोजकं, आणि तो एकदा बोलला की त्यापुढे बोलायची कुणाची छाती होत नसे. आता खरं ते सांगायलाच हवं. हा वजनदार माणूस दर पेरणीला शेजारच्या शेताच्या हद्दीचा दगड हात-दोन हात पलीकडे सरकवायचा. शेत होतं एका गरीब मेंढपाळाचं. त्याने दाद मागायची कुठे? वेशीत. आणि वेशीत न्याय द्यायला बसलेला कोण? हाच. बाकीच्या पंचांचीही तीच तऱ्हा होती. कुणी विधवेची विहीर बळकावली होती, कुणी अनाथांची जैतुनाची झाडं.

एका वर्षी जवाच्या ओंब्या भरत आल्या होत्या, तेव्हा गावची म्हातारी सुईण वेशीत येऊन उभी राहिली. गावातली निम्मीअधिक माणसं जन्मताना तिच्याच हातात आली होती. मुख्य पंचालाही तिनेच झेललं होतं, आणि त्याच्या पोरांनाही. त्यामुळे सगळा गाव तिला आई म्हणायचा.

"पोरांनो," ती म्हणाली, "परमेश्वराने मला बोल म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, माझं म्हातारीचं कोण ऐकणार? तो म्हणाला, तरी बोल. म्हणून आले. तुम्ही दुबळ्यांच्या तोंडचा घास काढलात. जवाची कापणी व्हायच्या आत उत्तरेकडून घोडे येतील आणि या गावात चूल पेटायची नाही."

कुणीही हसलं नाही. तिला खोटं बोलताना गावाने कधी पाहिलंच नव्हतं.

मुख्य पंचाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या लोकांच्या पश्चात्तापाच्या रीतीप्रमाणे अंगावर गोणपाट घातलं, डोक्यावर राख ओतून घेतली आणि भर चौकात, सगळ्यांदेखत, तो ढसाढसा रडला. मग पहार घेऊन शेतावर गेला आणि हद्दीचा दगड उपटून जुन्या जागी नेऊन बसवला. मेंढपाळ बांधावर उभा राहून बघत होता. दगड रोवताना पुढे होऊन त्याने माती दाबायला हात लावला. त्याचा धाकटा मुलगा त्या दिवशी शेतभर नाचत होता. पंचाचं पाहून इतरांनीही विहिरी सोडल्या, झाडं परत केली.

कापणी आली. विळे चालले, खळी भरली. घोडे काही आले नाहीत.

पहिले काही दिवस लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण संकट टळल्याचा आनंद माणसाला फार दिवस पुरत नाही. महिनाभरात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या गावांनी तर या गावाचं नावच राखाडी ठेवलं. मुख्य पंच एकदा बाजाराला गेला, तेव्हा एक कुंभार सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पंच, दाढीतली राख धुतलीत का?" आणि सगळा बाजार खदखदा हसला. त्या हसण्याने पंच जो दुखावला, तो कायमचा.

त्या लोकांत खऱ्याखोट्या संदेष्ट्याची पारख करायची एक रीत होती. संदेष्टा बोलला ते घडलं तर तो खरा. घडलं नाही तर तो शब्द देवाचा नव्हेच, माणसाने मनचा घेतलेला. अशा माणसाला दगडांनी मारायची शिक्षा होती. पंचाने ती रीत धरली आणि सुईणीला वेशीत बोलावून घेतलं.

"आई, तू घोडे येतील म्हणालीस. आले का?"

"नाही आले."

"मग तू खोटी ठरलीस."

"घोडे आले नाहीत याचा तुला राग आलाय का रे?" म्हातारीने विचारलं. "आपण काही केलं म्हणून ते आले नसतील, असं एकदाही मनात आलं नाही तुझ्या?"

आलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या कितीदा तरी आलं होतं. पण मग त्याला तो बाजार आठवायचा, ते हसणं आठवायचं. म्हातारी खरी असेल तर आपलं रडणं शहाणपणाचं ठरत होतं, हे खरं; पण ते लोकांना पटवून कोण देणार? ती खोटी ठरली की प्रश्नच मिटला. फसवले गेलो होतो, असं म्हणून मोकळं होता येत होतं.

"दगडमार नको," तो म्हणाला, आणि आपण केवढी दया दाखवतोय असं त्याला मनापासून वाटलं. "हिने गाव सोडावं. आणि या गावाविषयी पुन्हा तोंड उघडणार नाही अशी परमेश्वराची शपथ घ्यावी."

तिने शपथ घेतली. गाठोडं बांधलं आणि नदीपलीकडच्या एका खेड्यात राहायला गेली. गावातल्या लेकुरवाळ्या बायका तेवढ्या वेशीपर्यंत रडत गेल्या.

पुढच्या पेरणीला हद्दीचा दगड पुन्हा सरकला. या खेपेला हात-दोन हात नाही, चांगला वीस पावलं. इतरांनीही आपापलं परत घेतलं. घाबरून सोडलेलं ते, भीती खोटी निघाल्यावर का म्हणून सोडायचं, असा त्यांचा हिशेब होता. मेंढपाळ त्याही वेळी बांधावर उभा होता.

दुसऱ्या वर्षी, पुन्हा जवाच्या दिवसांत, एका सकाळी पहारेकऱ्याने पंचाला तटावर बोलावलं. खाली रस्त्याच्या कडेला सुईण उभी होती. काठी टेकून, धुळीने माखलेली. एवढी वाट ती या वयात पायी चालून आली होती. ती वेशीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. बोलत मात्र काही नव्हती. शपथेने तिचं तोंड बांधलं होतं, आणि ती शपथ घालणाराच ती सोडवू शकत होता.

"काय आहे आई?" एवढंच विचारायचं होतं. पंच तटावर उभा होता, ती खाली होती. त्याने हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. त्याच्या ओठांवर शब्द आलेही. पण विचारलं म्हणजे आपण तेव्हा चुकलो, असं सगळ्या गावासमोर कबूल केल्यासारखं होणार होतं. त्याने विचारलं नाही. गड्याच्या हाती दोन भाकरी पाठवल्या.

तिने भाकरी घेतल्या नाहीत. दुपार टळेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग आल्या वाटेने निघून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी घोडे आले. वेस भक्कम होती, ती फुटली नसती. पण शत्रू वेशीतून आलाच नाही. मागच्या कड्यावरून एक शेळ्यांची वाट होती, तिथून तो वर आला. ऊन चढेपर्यंत सगळं संपलं. पंचाचा थोरला मुलगा आपल्याच अंगणात मारला गेला. घरं जळाली, आणि जी माणसं उरली त्यांना दोरखंडाने एकामागे एक बांधून शत्रूने चालवायला सुरुवात केली.

पंचाच्या पुढे मेंढपाळ बांधलेला होता. वाट दाखवणाऱ्यालाही शत्रूने सोडलं नव्हतं.

"ती वाट तू दाखवलीस?" पंचाने विचारलं. ती वाट दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती.

"हो, मीच," मेंढपाळ मागे न बघता म्हणाला.

थोडं चालल्यावर तो पुन्हा बोलला. "त्यांनी मला गेल्या वर्षीही विचारलं होतं, पंच. कापणीच्या तोंडावर दोन स्वार कुरणात आले होते. वर जायला दुसरी वाट आहे का, म्हणाले. आदल्याच दिवशी तुम्ही माझा दगड जागेवर आणून ठेवला होता. घरी पोरगा नाचत होता. मी म्हटलं, वेशीखेरीज वाट नाही. त्यांनी वेस लांबून पाहिली आणि निघून गेले."

"मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला वेशीत कधी बोलू दिलंत तुम्ही?"

पंच खाली बघून चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी नदी ओलांडून रांग पलीकडच्या खेड्यापाशी पोहोचली. सुईण रस्त्यावर घागर घेऊन उभी होती. पहारेकऱ्यांच्या शिव्या खात ती एकेकाला पाणी पाजत होती आणि ज्यांना जन्मताना झेललं होतं त्यांची तोंडं न्याहाळत होती. पंचापाशी आली तशी ती थांबली.

"तुझा थोरला दिसत नाही रे?"

पंचाने मान हलवली. म्हातारीच्या हातातली ओंजळ सांडली. तिने ती पुन्हा भरली आणि त्याच्या ओठांशी धरली, पण त्याला पाणी पिववेना.

"आई," तो म्हणाला, "तू खरी होतीस. मी सगळ्यांसमोर सांगतो, तू खरी ठरलीस."

"खरं ठरायचं होतं कुणाला?" म्हातारी म्हणाली. "पहिल्या वेळी घोड्यांविना कापणी उरकली, मी खोटी ठरले, त्या दिवशी घरी जाऊन देवापुढे नाचले होते मी."

दोर ओढला गेला आणि रांग पुढे निघाली. पंच परक्या मुलखात पुष्कळ वर्षं जगला. तिथे त्याला पुन्हा कुणी वेशीत बसवलं नाही, आणि तोही कुणाचा न्याय करायला कधी बसला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: इशारा ऐकला म्हणूनच संकट टळतं, तेव्हा टळलेल्या संकटासाठी इशारा देणाऱ्याला खोटं पाडू नये.