न संपणारा लोकरीचा गुंडा

माणदेशाच्या कडेला कोंढारवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठी, मारुतीच्या पारावर त्या वर्षी विमलनाथ महाराजांचा मुक्काम होता. महाराज आपणहून कोणाला उपदेश करायला जात नसत, पण विचारायला आलेल्याला कधी रिकाम्या मनाने परत पाठवत नसत. सकाळी दर्शनाला सर्वांत आधी येई तो यमाजी सनगर. येताना तो मूठभर जोंधळे आणी. त्याच्या घरी देण्याजोगे तेवढेच असे.

यमाजी घोंगड्या विणायचा आणि त्याची बायको भागाबाई लोकर कातायची. मागे मेंढरांवर रोग आला, लोकर महागली, तेव्हा यमाजीने गावच्या रायाप्पा सावकारांकडे आपला माग गहाण ठेवून कर्ज काढले होते. दर बाजाराला तो हप्ता भरी. हातात काही उरत नसे, पण हप्ता एकदाही चुकला नव्हता. दसऱ्यापर्यंत सारे फिटले नाही तर माग सावकारांचा, असा करार होता. आणि माग गेला की सनगराच्या घरात राहते काय? चार भिंती आणि उपाशी पोटे!

दसरा जवळ आला असताना घाटाखालचा एक व्यापारी दहा घोंगड्या सांगून गेला. त्या वेळेत दिल्या तर कर्ज एका फटक्यात फिटणार होते. पण घरात लोकर होती एका गुंड्यापुरती. रायाप्पा शेटना याचा वास लागायला वेळ लागला नाही. ते स्वतः दारात आले आणि बोलण्यात साखर पेरत म्हणाले, "यमा, लोकरीला पैसे मी देतो. जुनं आहेच, त्यात हे मिळवू. तू फक्त घरावर अंगठा कर."

यमाजीच्या मनाची ओढाताण सुरू झाली. नवे घेतले तर माग सुटायची आशा होती, पण घर अडकत होते. नाही घेतले तर माग हातचा जात होता. शेवटी तो पारावर आला. शेटही गंमत बघायला मागोमाग आले.

"म्हाराज, जुनं अजून फिटलं न्हाई अन् नवं घ्यायची येळ आली. घ्यावं का सोडावं?"

शेट खो खो हसले. "ज्यांनी जन्मात रुपया हाताळला नाही, त्यांना कर्जाचं विचारतोस? धन्य आहे तुझी!"

महाराज रागावले नाहीत. यमाजीला जवळ बसवून त्यांनी विचारले, "बाळ, हप्ता दिल्यावर हातात काय उरतं?"

"काय बी न्हाई."

"मग नव्याचा हप्ता कशातून देशील?"

"घोंगड्या इकल्या की दीन."

"आणि व्यापारी फिरकलाच नाही तर?"

आशेच्या भरात एवढा विचार यमाजीने केलाच नव्हता.

"बरं, हे सांग. मागावर एक घोंगडी असताना दुसरीचा ताणा चढवतोस का?"

"आसं कसं चढवीन, म्हाराज? आधीची उतरावी लागती. न्हाईतर दोनीबी वाया जातील."

"मग तुझं तूच सांगितलंस की! कर्ज काढणं पाप नाही. पण पहिलं उतरेपर्यंत दुसरं चढवू नकोस. घरात आहे त्या लोकरीवर बस."

"आणि माग गेल्यावर?" शेटनी टोमणा मारला. "तेव्हा महाराज येणार का धावून?"

"येऊ की," महाराज म्हणाले.

यमाजी उठला. "शेट, मला नवं कर्ज नगं." त्याचा आवाज ठाम होता.

महाराज लगेच त्याच्या घरी गेले. भागाबाईच्या टोपलीतला एकुलता एक गुंडा त्यांनी उचलला, कपाळाला लावला आणि परत तिच्या ओटीत घातला. "माय, यातून देत जा." माग चालू झाला. पहिली घोंगडी उतरली, दुसरी उतरली, तिसरीही उतरली आणि गुंडा होता तेवढाच! भागाबाई घाबरून म्हणाली, "धनी, लोकर सरंना!" यमाजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याने हात मात्र थांबवले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्यापारी आला, दहाही घोंगड्या घेऊन पैसे मोजून गेला. ते कळताच रायाप्पा शेट तणतणत आले. महाराज यमाजीच्या अंगणातच बसले होते, भोवती गाव जमले होते.

"एवढी लोकर आली कुठून? माझ्या वखारीतली चोरलीस!"

"ह्या गुंड्यातनं आली, शेट," भागाबाईने टोपली पुढे केली.

"खोटं! यातून अर्धी घोंगडी निघायची नाही. हा बघा, उलगडून दाखवतो." शेटनी धागा ओढायला सुरुवात केली. ओढता ओढता लोकरीचा ढीग घोट्यापर्यंत आला, गुडघ्यांवर चढला, कमरेला लागला. गुंडा तेवढाच! आधी लोक हसले, मग हात जोडून उभे राहिले. शेटचा घाम टपकू लागला, तरी हात ओढतच होते. आता माघार घेतली तर गावात तोंड कसे दाखवायचे?

"महाराज, आवरा हे!" ते शेवटी ओरडले.

"आम्ही कुठं ओढतोय, शेटजी? ओढताय तुम्ही. हात सोडा, थांबेल."

केवढी ही कृपा, की शिक्षेतही सुटकेची वाट दाखवली! शेटनी धागा सोडला आणि लोकर जागच्या जागी थांबली. पण त्यांना पाऊल उचलता येईना.

तेव्हा यमाजी पुढे झाला. हप्त्यांची बाकी त्याने शेटच्या हातात ठेवली आणि खाली बसून त्यांच्या पायांतला गुंता हलक्या हाताने सोडवू लागला. "जरा दमानं, शेट. वढलं की आवळतं."

व्याजाचे पैसे रायाप्पा शेटनी परत यमाजीच्या पदरी घातले. महाराजांकडे वळून ते नमस्काराला वाकले, तर महाराजांनी बोट दाखवले ते यमाजीकडे. आणि साऱ्या गावाचा सावकार भर अंगणात डोक्यावरचा पटका काढून त्या सनगराच्या पायांशी वाकला.