तासाभरात येणारा माणूस

तासगावात श्रीपतरावांच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला फोर्कलिफ्ट घ्यायची होती. विक्रेते पोतनीस गाडी दाखवायला घेऊन आले. म्हणाले, "बिघडली तर नुसता फोन करा, आमचा माणूस तासाभरात दारात."

श्रीपतराव भुलले. त्यांची बायको इंदुमती म्हणाली, "अहो, आपल्या गोदामाच्या उतारावर ब्रेक लागला नाही, तर खाली आपलीच माणसं असतात."

"तू आपले उपास सांभाळ," श्रीपतराव सगळ्यांदेखत हसले.

"बरं," इंदुमती म्हणाली. "भाऊजी, आज माझा सोमवार. तुमच्या माणसाला आत्ताच बोलवा. त्यानं ब्रेक तपासला, की मी उपास सोडीन."

पोतनीसांचा चेहरा उतरला. सवाष्णीला उपाशी ठेवायचं पाप कोण घेणार?

"वहिनी, असा हट्ट धरू नका. माणूस चेन्नईहून येतो, आठवडा लागतो."

"मी थांबेन हो आठवडाभर. उतारावर सुटलेली गाडी थांबेल का?"

श्रीपतरावांना मान वर करवेना. त्यांनी सांगलीत वर्कशॉप असलेल्या दुसऱ्या कंपनीला फोन लावला. त्या कंपनीचा माणूस दिवेलागणीच्या आत गाडी घेऊन आला आणि उतारावर ब्रेक दाखवून गेला.

मग श्रीपतरावांनी स्वतः बायकोचं ताट वाढलं, पण नजर ताटातच.

"अहो," इंदुमती हळूच म्हणाली, "उपास माझा होता. तोंड तुमचं का सुकलंय?"