म्हातारबा आणि शेवटची चारी

एका गावात एक म्हातारा होता. म्हातारा म्हणजे माणूस नव्हे बरं का, कॉम्प्युटर. बोरमळे गावच्या पाणीवाटप संस्थेत तो सव्वीस वर्षं एकाच टेबलावर बसून होता. पडदा काळा, अक्षरं हिरवी. सकाळी बटण दाबावं, चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे स्वारी जागी व्हायची. गाव त्याला लाडानं म्हातारबा म्हणे.

त्याचं काम एकच, पण मोठं. धरणाचं पाणी पाटानं गावात आलं, की कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, ते तो ठरवी. मग प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापून देई. तिला म्हणत पाळीची चिठ्ठी. चिठ्ठी हातात असली की भांडण नाही, शिवीगाळ नाही. सव्वीस वर्षांत म्हातारबा एकाही माणसाला विसरला नव्हता. आता तुम्हीच सांगा, असं तुमच्याआमच्याबद्दल म्हणता येईल का?

संस्थेच्या सचिव इंदूताई हुलावळे. त्यांनी म्हातारबासाठी जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ घालत. अडला की त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारून म्हणत, "चल रे बाबा, लोक थांबलेत." आणि गंमत अशी, की तो चालायचा!

एकदा धरणाच्या कार्यालयाचं पत्र आलं. यापुढे कागद बंद. पाणी कधी सुटणार ते कॉम्प्युटरला जोडलेल्या तारेवरून कळेल, आणि गावानंही पाळीची यादी त्याच तारेवरून परत पाठवायची. येत्या सोमवारी सकाळी आठला पाणी सुटेल. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत यादीत ज्याचं नाव येईल, त्यालाच पाणी मिळेल.

इंदूताईंनी पत्र दोनदा वाचलं. म्हातारबानं जन्मात कधी तार पाहिली नव्हती. नवा कॉम्प्युटर घ्यावा, तर पाळीचा सगळा हिशोब नानागुरुजींनी बसवलेला, तो फक्त म्हातारबालाच कळे. आणि नानागुरुजी तर केव्हाच देवाघरी गेले होते.

तालुक्याहून निनाद नावाचा इंजिनियर आला. शनिवार, सकाळचे दहा. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. भंगारवाल्याकडून जुन्या बनावटीचं तार जोडायचं कार्ड त्यानं शोधून आणलं होतं. जोडणीचा प्रोग्राम सात फ्लॉप्यांवर भरून आणला होता. इतकी तयारी कोण करतो हो आजकाल! पण हुशार माणसाला एक खोड असते. त्याला वाटतं, आपल्याला न कळलेलं ते बिनकामाचं.

इंदूताई त्याला म्हणाल्या, "साहेब, सुरू होताना हा एक यादी वाचतो. त्या यादीतली एकही ओळ मला विचारल्याशिवाय पुसू नका."

"काळजी करू नका, ताई. असले छप्पन्न म्हातारे मी मार्गी लावलेत," निनाद म्हणाला.

त्यानं म्हातारबाचं पोट उघडलं, धूळ झटकली, कार्ड बसवलं, तार जोडली. मग एकामागून एक सात फ्लॉप्या घातल्या. म्हातारबा घरघर करत एकेक फ्लॉपी वाचू लागला. एक वाजला. निनादनं त्याला बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: जागा अपुरी.

पुन्हा केलं. जागा अपुरी. ही सोडून ती, ती सोडून ही, सगळी खटपट केली. जागा अपुरी ती अपुरीच.

"ह्याच्यात दमच नाही राहिला," निनाद वैतागला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

इंदूताई चहा सांगायला बाहेर गेल्या. निनादनं ती यादी उघडली. म्हातारबा सुरू होताना कोणाकोणाला आत घेऊन बसवायचं, ते तिथे ओळीनं लिहिलेलं होतं. पडद्याची ओळ, छपाईची ओळ, मराठी अक्षरांची ओळ. मधेच एक ओळ होती, नुसती 'नाना'. ना नाव, ना गाव. निनाद मनाशी म्हणाला, हा कोण फुकटचा जागा अडवून बसलाय? विचारायला इंदूताई दहा पावलांवर होत्या. त्यानं विचारलं नाही. ओळ पुसली आणि म्हातारबा पुन्हा सुरू केला.

आणि काय सांगू, जोडणी झाली! धरणाच्या कार्यालयातून निरोप आला: सोमवारी सकाळी आठ. ओसरीवर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदूताईंनी म्हातारबाच्या पाठीवर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले. यादी तारेवरून गेली. छपाईयंत्र करकर करत चिठ्ठ्या ओकू लागलं. गरम भजी आली. निनादनं सहीशिक्क्याचा कागद घेतला, खिशात घातला आणि चार वाजता तो आपल्या स्कूटरकडे निघाला.

फाटकापाशी ठकूबाई भेटली. गावाच्या पार शेवटच्या चारीवर, म्हणजे पाटातून फुटलेल्या शेवटच्या छोट्या कालव्यावर, तिचं अर्धा एकर रान. त्यात कांद्याच्या बियाण्याचा तुकडा होता आणि तो ऐन फुलोऱ्यात आला होता. या पाळीला पाणी मिळालं तर बी, नाही तर पाचोळा. वर्षभर तिनं त्यासाठीच पाठ मोडून घेतली होती.

"साहेब, मला वाचाया येत न्हाई. ताईंनी हा समद्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिलाय. माझी चिठ्ठी तेवढी काढून द्या," ती म्हणाली.

निनादनं गठ्ठा चाळला. एकदा, दोनदा. ठकूबाईची चिठ्ठी नव्हती. तिच्या शेजारच्याची नव्हती. चिठ्ठीवर चारी छापलेली असे; शेवटच्या चारीवरच्या कोणाचीच नव्हती.

मघाशी पुसलेली ती ओळ त्याला आठवली. 'नाना' बिनकामाचा नव्हता, हे त्याला आत्ता कळलं. हकिकत अशी होती. नानागुरुजींनी पहिला हिशोब बसवला तेव्हा त्यात अडीचशे नावांचीच सोय होती. पुढे पाट लांबला, शेवटची चारी झाली, एकेचाळीस शेतं वाढली. त्या एकेचाळिसांसाठी गुरुजींनी एक छोटासा जोडप्रोग्राम लिहिला होता. तो आत बसलेला असेल तरच ती नावं दिसायची. निनादनं तोच उचलून बाहेर फेकला होता.

आता पाहा हं, इथे खरी परीक्षा होती. फ्लॉप्यांची नव्हे, माणसाची. कागदावर सही झालेली. टाळ्या वाजलेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'मावशी, तुमचं नाव नाही यात,' एवढं म्हणून किल्ली फिरवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. सोमवारी पाणी आलं नसतं, तर लोक म्हणाले असते, म्हातारबा गेला कामातून.

त्यानं किल्ली हातात घेतली, पण पाय उचलेना. ठकूबाईलाच त्याची दया आली.

"नसंल माझं नाव, तर माझंच कायतरी चुकलं असंल. म्हातारबा कधी इसरत न्हाई," ती म्हणाली.

हे ऐकलं आणि निनादला उभं राहवेना. बाई स्वतःला बोल लावत होती, पण त्या जुन्या डब्याला लावत नव्हती. त्यानं किल्ली खिशात टाकली.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही. म्हातारबाचंही नाही. माझं चुकलंय. चला आत."

आत जाऊन त्यानं भरल्या ओसरीत सगळं सांगितलं. न विचारता ओळ पुसली, तेही सांगितलं. खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. लोकांनी भजी खाता खाता हात थांबवले. कोणी म्हणालं, "वा रे इंजिनियर!"

इंदूताई रागानं लाल झाल्या. "मी बजावलं होतं की नाही तुम्हाला? एकेचाळीस घरं हो ती! जनाची नाही, मनाची तरी..." असं म्हणता म्हणता त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. "बरं. फाटकातून परत आलात, हे कमी नाही. सव्वाचार झालेत. पाचपर्यंत काय करता येईल ते बोला."

निनादनं नानांची ओळ परत घातली. म्हातारबा सुरू झाला. पडद्यावर पुन्हा तेच: जागा अपुरी. नाना ठेवावेत तर तार चालेना, तार ठेवावी तर नाना बसेनात. आणि एकेचाळीस नावं कार्यालयात पोचवायची, तर दोघंही एकदम आत हवेत.

चार पस्तीस झाले. ठकूबाई उंबऱ्याशी बसून सगळं बघत होती. तिनं विचारलं, "जागा पुरंना म्हंजी काय हुतं, लेकरा?"

निनाद चिडला नाही. सकाळचा निनाद चिडला असता. तो म्हणाला, "मावशी, आत एक लहानशी खोली आहे असं समजा. ओळीनं एकेक जण येऊन बसतो. माझा तारेचा प्रोग्राम नवा, म्हणून सगळ्यात शेवटी येतो. तोवर खोली भरलेली असते."

"अगं बया! मग शेवटच्याला आधी बसवा की!" ठकूबाई म्हणाली. "आमच्या पाटाची रीतच हाय ती. पाणी पयलं शेवटच्या चारीला, मंग मधल्यांना, आन् तोंडापाशी रान हाय त्यांना शेवटी. तोंडाकडून सुरवात केली तर आमच्यापतुर थेंब तरी यील का? शेवटाकडून केली का समद्यांना पुरतं."

लोक हसले. कोणी म्हणालं, "ठकूबाई, तो काय पाट आहे का?"

निनाद मात्र हसला नाही. तो एकदम ताठ बसला. त्याला आठवलं, तारेचा प्रोग्राम आत शिरताना हातपाय पसरतो, पण एकदा बसला की आकसतो. एसटीत बोचकं घेऊन चढणारा माणूस चढताना सगळी वाट अडवतो. बोचकं बाकाखाली सरकवलं की त्याच्या शेजारी आणखी दोघं मावतात. त्याला चढतानाच तेवढी मोकळी जागा हवी. म्हणजे खोली रिकामी असतानाच त्याला आत घ्यायला हवं!

त्यानं तारेची ओळ तळातून उचलली आणि सगळ्यात वर लिहिली. बाकीच्या ओळी तिच्याखाली. नानांची ओळ होती तिथेच. या वेळी त्यानं इंदूताईंना विचारलं, "ताई, एवढी एक ओळ वर नेतोय. चालेल ना?"

"चालेल," इंदूताई म्हणाल्या आणि त्यांनीच बटण दाबलं.

म्हातारबा घरघरला. एकेक हिरवी ओळ उमटू लागली. तार बसली. पडदा बसला. छपाई बसली. मराठी अक्षरं बसली. मग म्हातारबा मधेच अडल्यासारखा झाला. इंदूताईंनी त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. "चल रे बाबा, लोक थांबलेत."

नाना बसले.

पाच वाजायला सात मिनिटं होती, तेव्हा दोनशे एक्क्याण्णव नावांची यादी तारेवरून गेली. कार्यालयातून पोच आली. मागोमाग छपाईयंत्र करकरलं आणि राहिलेल्या एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. ठकूबाईची चिठ्ठी निनादनं स्वतः फाडून तिच्या हातात दिली आणि वाचून दाखवली. "मावशी, सोमवार, सकाळी नऊ. पाणी सुटलं की पहिली चारी तुमची."

"पयलीच असती ती," ठकूबाई म्हणाली आणि चिठ्ठी कनवटीला लावली.

इंदूताईंनी सहीशिक्क्याचा कागद त्याला परत दिला. त्यानं आधी तो घेतला नाही. म्हणाला, "सोमवारी घेईन." आणि खरंच, सोमवारी कोणी बोलावलं नसताना तो आला. सकाळी नऊला शेवटच्या चारीच्या बांधावर चपला हातात घेऊन उभा राहिला. पाणी आलं. आधी नुसता ओला पाचोळा पुढे आला, त्यामागून गढूळ धार आली आणि ठकूबाईच्या कांद्यांच्या वाफ्यात शिरली. फुलोऱ्यावर माश्या घोंघावत होत्या. ठकूबाईनं त्याच्या हातात फावडं दिलं आणि पाण्यासाठी दुसरा वाफा फोडायला सांगितला. त्यानं तो वाकडातिकडा फोडला. ती हसली आणि तिनं तो सरळ केला.

जाताना तो संस्थेत गेला. म्हातारबाबद्दलच्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवायला इंदूताईंची एक वही होती. त्यानं ती मागून घेतली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: 'नाना ही ओळ एकेचाळीस शेतांची आहे. पुसू नये. मी पुसली होती.' खाली आपली सही केली. मग इंदूताईंनी म्हातारबावर झाकण घातलं आणि दोघं चहा प्यायला बसले.

तात्पर्य: जी ओळ आपल्याला कळत नाही, ती कोणाच्या तरी शेताचं पाणी असते, म्हणून पुसण्याआधी विचारावं, आणि पुसून बसलोच, तर फाटकातून मागे फिरून सांगावं.