टिपणीस वकिलांची खुर्ची

कोर्टातल्या बार रूममध्ये कोपऱ्यात टिपणीस वकिलांची खुर्ची होती. ते वारून वर्षं लोटली, तरी तिच्यावर कुणी बसत नसे. नुकत्याच वकील झालेल्या ऋजुताला हे कुठलं ठाऊक? पहिल्याच केसच्या धास्तीने ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच तिथे टेकली, आणि दार आपोआप बंद झालं. मानेवर गार श्वास आला.

"ऊठ! मेलेल्या टिपणीसाची खुर्ची आहे ही, माझी! वकील व्हायला सांगितलं कुणी? हुशार पोरांनी यावं असं या धंद्यात काही उरलेलं नाही. सनद इथे ठेव, तरच दार उघडेन."

बाहेर तिच्याच केसचा पुकारा होत होता. नवऱ्याने घराबाहेर काढलेली तिची अशील तिथे एकटी उभी होती.

"काहीच उरलं नाही, सर?"

"काही नाही! असेल तर पुरावा दे."

"पुरावा तुम्हीच की, सर," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "मेल्यावर माणसाचं घर सुटतं, गणगोत सुटतं. तुमची वकिली मात्र अजून सुटत नाही."

दाराची कडी हळूच सरकली. ऋजुता धावत सुटली, तोच मागून ओशाळलेला आवाज आला,

"अगं, केस कसली आहे, तेवढं तरी सांगून जा!"