चौकटीखाली राहिलेला रंग

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर रुसला, आणि रुसला तो एका सहीवरून. चित्रकलेच्या त्या वृद्ध गुरुजींचा दंडक असा होता की, त्यांच्या अनुज्ञेवाचून शिष्याने चित्राखाली नाव घालायचे नाही. मागून आलेले सही करू लागले होते. हा मात्र अजून निनावीच.

चित्रशाळेत खिडकीसमोर, कॅनडातल्या अरण्याच्या एका जुन्या नामांकित चित्राची छापील प्रत चौकटीत लावलेली होती. खडकाळ सरोवर, वाऱ्याने वाकलेला पाइन वृक्ष, पलीकडे दाट झाडी. ते निळसर, थंडगार रान शिष्याने ध्यास घेऊन पुन्हा पुन्हा रंगवले. एका व्यापाऱ्याने दिवाणखान्यासाठी त्याची प्रतिकृती मागितली, तेव्हा ती घेऊन तो गुरुजींकडे गेला. आता तरी सही करू द्या, म्हणाला.

 गुरुजींनी भिंतीवरची चौकट उतरवली, पालथी घातली आणि पकडीने मागचे खिळे उपसायला सुरुवात केली. आपल्या दैवताची ही मोडतोड पाहून शिष्याचा जीव खालीवर झाला.

प्रत बाहेर आली. चौकटीच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी तेवढी उन्हापासून वाचली होती. तिच्यावरची झाडी लालभडक होती. शरद ऋतूत पानगळीआधी लाल होणारे मेपल वृक्ष होते ते. उरलेल्या चित्रातला लाल रंग खिडकीतल्या उन्हाने केव्हाच खाल्ला होता.

शिष्याने आपली निळसर प्रतिकृती त्या पट्टीशेजारी धरून पाहिली. त्याला फार लाज वाटली.

गुरुजी म्हणाले, "तुझ्या हातात खोट नाही. पण हे चित्र काढणारा त्या झाडांसमोर जाऊन उभा राहिला होता. तू उभा राहिलास त्याच्या पाहण्यासमोर, आणि तेही विटल्यावर. सही म्हणजे 'हे मी पाहिले' अशी साक्ष. तू कशाची साक्ष देणार होतास?"

"मग आधीच का नाही सांगितलंत, गुरुजी?"

"सांगितले असते, तर माझ्या शब्दावरून लाल रंग लावून मोकळा झाला असतास."

प्रतिकृती निनावीच व्यापाऱ्याकडे गेली. चैत्र होता. चित्रशाळेमागच्या टेकडीवर कुसुंबाच्या झाडाला तांबडी पालवी फुटली होती. इतकी वर्षे शिष्य तिच्याखालूनच ये-जा करीत होता. आता तो दिवसभर तिच्यासमोर बसला आणि संध्याकाळी चित्र घेऊन परतला. खोड वाकडे आले होते, सावल्याही चुकल्या होत्या.

गुरुजींनी ते बराच वेळ पाहिले. मग त्यांनी बारीक कुंचला धुऊन त्याच्या हाती दिला आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.