धाकू पाडेल्याचा दोर

अवजारे आपापसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. सुपाऱ्या उतरवणाऱ्या धाकू पाडेल्याकडे काथ्याचा एक दोर होता. तो कमरेला आणि पोफळीला वेढून धाकू उंचावर निर्धास्त दोन्ही हात सोडी.

एका सकाळी बागेच्या वाटेत धाकूच्याच कोयत्याचे पाते दोराला लागले आणि त्याचे आतले पीळ तुटले. वरून काहीच दिसेना.

"गप्प राहा हं," कोयता म्हणाला. "कळलं तर चुलीत जाशील."

"आणि वर गेल्यावर तुटलो तर?"

"एवढ्यात कुठे तुटतोस! भित्रा मेला!"

दोराला चुलीची भीती होतीच. पण पोफळीचा शेंडा पाहून त्याला धाकूचे सोडलेले दोन्ही हात आठवले. चढण्याआधी बुंध्याशीच दोराला हिसका देऊन पाहायचा, ही धाकूची रीत. अंग आवळून धरले असते, तर तेवढा एक हिसका दोराने निभावला असता. त्याने डोळे मिटले आणि अंग सैल सोडले.

हिसका बसताच दोर तुटला आणि धाकू धपकन जमिनीवर बसला. "देवा रे, वाचलो!"

संध्याकाळी दोराचे तुकडे चुलीत गेले. धग लागताच दोर थरथरला. तेवढ्यात धाकू बायकोला म्हणाला, "आणखी एक भाकरी वाढ गं." तो आवाज दोराने शेवटपर्यंत ऐकला.