चुलीपुढचा राघू

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं, की दारात उभं राहून अंगणातली तुळस दिसत नव्हती. पानांवरनं टपटप पाणी गळत होतं आणि थंडी हाडांत शिरत होती.

तसल्या धुक्यातनं नेर्लेकर गुंडूनानांच्या छपरात शिरले. लांबून यायचं नव्हतंच. दोन्ही घरांच्या मध्ये एक कुंपण, एवढंच.

“पण नाना, माझं चुकतंय कुठं, ते तरी सांगाल का नाही?”

नाना चुलीत फुंकर घालत होते.

“बसा की, साहेब. चहा होतोय.”

“चहाचं राहू द्या हो. उद्या बारसं आहे!”

“मग तर बसाच.”

नेर्लेकर बसले.

हे गृहस्थ जन्मभर खुर्च्या बदलत आलेले. आधी साखर कारखान्याचं टाइम ऑफिस, मग विमा, मग दूध संघ, शेवटी पतसंस्था. ठिकठिकाणची शाल आणि नारळ घेऊन बाहेर पडले. पण एक सवय सगळीकडं तीच राहिली. काम झालं की ते वर न्यायचं, आणि वरच्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं.

निवृत्त होऊन गावी आले, तर एका दुपारी शेजारचे गुंडूनाना सुतार पाळण्यावरचा राघू कोरत बसलेले दिसले. नेर्लेकर सहज बघायला थांबले, ते दिवेलागणीपर्यंत तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी नानांची एक जुनी पटाशी मागून आणली.

तेव्हापासून शिवणीच्या लाकडाचा राघू कोरायचा आणि नानांपुढं नेऊन ठेवायचा, असं चाललं होतं.

नाना तो हातात घ्यायचे. उलटासुलटा करून बघायचे... आणि चुलीत सारायचे.

त्याच जाळावर मग चहा व्हायचा. गुळाचा, आलं ठेचून घातलेला. दोघं मिळून प्यायचे.

“राघू कसा होता, नाना?”

“चहा झ्याक झालाय.”

यापलीकडं कधी शब्द नाही.

त्या गावची रीत अशी, की बारशाला पाळण्यावर आजोळचा राघू बांधायचा. लेकीच्या लेकीवर आपल्या हातचा राघू डोलावा, एवढंच आता नेर्लेकरांच्या मनात होतं. पण नानांनी बरा म्हटल्याशिवाय तो बांधायचा नाही, असंही त्यांनीच ठरवून टाकलेलं.

बायकोनं बाजारातनं प्लॅस्टिकचं झुंबर आणूनसुद्धा ठेवलं होतं.

“एका कचेरीत तुमचं बूड टेकलं नाही,” ती हसत म्हणाली होती, “ते लाकडापाशी टेकणार होय?”

नानांनी हात पुढं केला. “आणा आजचा.”

नेर्लेकरांनी पिशवीतनं राघू काढला, पण दिला नाही.

“हा दाखवण्यासारखा नाही, नाना. मानेतच गाठ निघाली लाकडाला. सरळ कोरायला गेलो की पटाशी अडायची. मग त्या गाठीलाच म्हटलं, बाई, तू म्हणशील तसं... तिच्या कलानं घेत गेलो. मान झाली वाकडी. पिसं तर कोरायचीच राहिली.”

“ऱ्हायली कशी?”

“विसरलो.”

“पिसं इसरला?”

“पिसांचं काय घेऊन बसलात! ही म्हणे जेवायला हाका मारत होती. मला ऐकूच आल्या नाहीत. पान वाढून ठेवलं, त्यावर मांजर जेवून गेलं.”

नानांचा हात अजून पुढंच होता.

नेर्लेकरांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी असं मोकळं हसू आलं.

“जाऊ द्या, नाना. झुंबर तर झुंबर. आज तुम्हाला त्रास नको, मीच घालतो.”

आणि त्यांनी आपल्या हातानं राघू चुलीत सारला.

नानांचा हात इतका चपळ असेल, असं कुणाला वाटलं नसतं. जाळात हात घालून त्यांनी राघू बाहेर ओढला आणि धोतराच्या सोग्यावर खसाखसा पुसला. शेपटीचं टोक तेवढं काळं झालं होतं.

“अहो नाना, हात भाजला असेल!”

“हाताला सवय हाय.”

नानांनी राघू दाराच्या उजेडात धरला. मान एका अंगाला कललेली. खाली कुणीतरी काही बोलतंय आणि हा कान देऊन ऐकतोय, असा दिसत होता.

नाना बघत राहिले. बघता बघता त्यांची स्वतःची मानही तशीच कलली. त्यांना काही ते कळलं नाही.

धुक्यात कुठंतरी कोंबडा आरवला...

मग नानांनी राघू नेर्लेकरांच्या हातात ठेवला. चुलीवरचं पातेलं उतरवलं. पाणी अजून कोमटच होतं. ते त्यांनी तसंच चुलीत ओतलं. चूल फुसफुसून विझली.

नेर्लेकर बघतच राहिले.

“आणि चहा, नाना?”

नानांच्या मागं फोडलेली लाकडं पार आढ्यापर्यंत रचलेली होती. नाना त्या राशीला आरामात टेकून बसले.

“आज चहा न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “जळण संपलं.”